लूप ते तांबी : दुखण्याचा हिशेब

आपल्या नांदेड-लातूरकडं तांबीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "लई दुखतं का?" हा प्रश्न साठ वर्षांचा जुना आहे.

१९६५ साली सरकारी कुटुंबनियोजनात लूप आला. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लिप्पीज यांनी तयार केलेलं ते नागमोडी प्लॅस्टिक. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. देशात पहिल्या वर्षी सुमारे ८ लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ९ लाख बायांना लूप बसवला. केंद्र सरकार राज्यांना एका लूपमागे ११ रुपये देऊ लागलं. हिशेब लूपचा झाला. बाईला किती दुखलं, अंगावरून किती गेलं, हे विचारायला पुरेशी माणसंच नव्हती. मग बायांनी एकमेकींना सांगितलं आणि तिसऱ्या वर्षी आकडा ७ लाखांच्या खाली आला. अफवा पसरल्या म्हणून असं झालं, असं तेव्हा म्हटलं गेलं. अफवा होत्याच, पण कळा आणि रक्तस्राव खरे होते.

पुढं तांब्याची तार गुंडाळलेली, लहान आकाराची तांबी आली. २००२ पासून दहा वर्षं चालणारी आणि २०१२ पासून पाच वर्षं चालणारी तांबी सरकारी दवाखान्यात मिळू लागली. साधन सुधारलं, पण दुखण्याबद्दल बोलणं मागंच राहिलं.

दुखतं कशानं? गर्भपिशवीचं तोंड चिमट्यानं धरतात, सळईनं खोली मोजतात, मग नळीतून तांबी आत सोडतात. काम काही मिनिटांचं. कुणाला पाळीसारखी कळ येते, कुणाला सोसवत नाही. कधीच बाळंत न झालेल्या बाईला जास्त दुखू शकतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं औषध दिलं तर त्रास कमी होऊ शकतो. म्हणूनच २०२४ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं डॉक्टरांना सांगितलं, की दुखण्याबद्दल प्रत्येक बाईशी आधी बोला. नंतरच्या कळांना वेदनाशामक गोळीचा उपयोग होतो.

म्हणून तांबी बसवण्याआधी सिस्टरला किंवा डॉक्टरला तीन गोष्टी विचारा : काय काय करणार? दुखू नये म्हणून काय देणार? मी "थांबा" म्हटलं तर थांबणार ना? नंतर ताप आला, पोटात फार दुखलं किंवा घाण वासाचं पाणी गेलं, तर लगेच दवाखाना गाठा. तांबी नको वाटली तर काढून घेणं हाही आपला हक्क आहे.

लूपच्या काळात बाया बोलल्या, पण दारामागं. आपण गटाच्या बैठकीत आणि दवाखान्यात, तोंडावर बोलू या.