चावडीवरची श्रोतृमंडळे

प्रौढ मनुष्याला शिकविण्याचे काम बालकाला शिकविण्याहून अवघड, हे रात्रशाळा चालविणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. दिवसभर नांगरामागे चालून आलेला, पावसापाण्याचे व सावकारीचे बरेवाईट अनुभव गाठीशी असलेला शेतकरी फळ्यासमोर मुकाट्याने मांडी घालून बसत नाही, आणि बसलाच तर त्याचे मन गोठ्यात असते. अशा माणसापर्यंत दुरून, निव्वळ आवाजाच्या साहाय्याने विद्या पोचविता येईल काय, या प्रश्नाची मोठी काटेकोर परीक्षा 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत घेतली.

मूळ कल्पना कॅनडाची. तेथे 1941 पासून शेतकरी कुटुंबे सोमवारी रात्री शेजाऱ्याच्या घरी जमत, टपालाने आधीच आलेली पुस्तिका वाचून ठेवीत, रेडिओवरील चर्चा ऐकत, मग आपसांत वाद घालून आपला निर्णय प्रांतिक चिटणीसाकडे धाडीत; त्या निर्णयांचा गोषवारा पुढे रेडिओवरूनच सर्वांना ऐकविला जाई. आपल्याकडे श्रोत्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा छापील पुस्तिकेवर भिस्त ठेवून भागण्यासारखे नव्हते. सारा भार कानांवर आणि बोलण्यावर पडला. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे कर्ते होते. संवादाचे सामर्थ्य जाणणारा अधिकारी सरकारी कचेरीत असावा, हा योग तसा विरळाच.

आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी वीसेक माणसांचे मंडळ, त्याला एक अध्यक्ष व एक निमंत्रक. जिल्हावार संघटक नेमून मंडळांना भेटी देण्याची तजवीजही केलेली होती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि ऐकलेल्या विषयावर तेथेच खल करावयाचा, असा शिरस्ता होता. पुण्याहून आलेली सूचना आपल्या जमिनीला मानवेल काय, मानवली तरी पैसा कोठून आणावयाचा, गेल्या वर्षी अमक्याने असेच काही करून हात पोळून घेतले ते कसे, असल्या शंका निघाव्यात हाच त्या बैठकीचा हेतू. निमंत्रकाने त्या टिपून पुण्याला कळवावयाच्या आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमातून मिळावयाची. ज्या सरकारी यंत्रणेकडून गावाने तोवर बहुधा हुकूम आणि तगादेच ऐकले होते, तिने आपल्या प्रश्नाला जाहीरपणे उत्तर द्यावे, याचे अप्रूप त्या मंडळींना किती वाटले असेल याची कल्पना सहज करता येते.

या उपक्रमाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व ते काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिले. त्याने मंडळे असलेल्या वीस गावांबरोबर मंडळे नसलेली वीस गावे घेतली, त्यांतील निम्म्यांत रेडिओ होता व निम्म्यांत नव्हता. आणि सर्व ठिकाणी उपक्रमाआधी व नंतर गावकऱ्यांची माहिती तपासली. मंडळांच्या गावी ज्ञानात ठळक वाढ दिसली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे मात्र ती वाढ अगदीच माफक भरली. माझ्या मते या एका तुलनेत सगळ्या प्रयोगाचे सार आले; कारण ध्वनिक्षेपण करणारे केंद्र एकच असूनही, ऐकल्यावर बोलावयाला जागा आणि विचारावयाला वाट असलेला श्रोता शिकला, व ज्याला केवळ ऐकविले गेले त्याच्या हाती फारसे लागले नाही.

पुढे 1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या भराभर वाढली आणि सरकारी अहवालांना ती शोभूनही दिसली, परंतु दीडशे गावांसाठी ठेवलेली देखरेख हजारो गावांना पुरविणे जमले नाही. भेटी देणारी माणसे अपुरी पडली आणि कित्येक मंडळे नावापुरतीच उरली. विस्ताराची आखणी करणाऱ्यांनी रेडिओसंचांची जितकी चिंता वाहिली, तितकी संघटकांच्या नेमणुकीची आणि गावाहून आलेल्या पत्रांना वेळेवर उत्तरे देण्याची वाहिली नाही.