निगेटिव्ह रिपोर्टचा इतिहास

संधिवात म्हटलं की आमच्या पवन मावळात एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. ओट्यावर बसलेली आजी, शेजारी काठी, गुडघ्याला चोळलेल्या तेलाचा वास. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकलं की तरण्याताठ्यांचेही गुडघे बोलू लागतात, पण त्याला कुणी आजार म्हणत नाही. आणि चार वर्षांच्या पोरीला संधिवात झालाय म्हटलं, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "रक्त तपासलं का?"

प्रश्न रास्त आहे. पण रक्ताच्या रिपोर्टवर जे छापून येतं त्याचा अर्थ काय, यामागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. मी डॉक्टर नाही. पवनानगरला राहतो, जुनी माणसं ज्याला अजून काले कॉलनी म्हणतात तिथे. मावसबहिणीच्या मुलीमुळे मी ही गोष्ट वाचायला लागलो.

तिचा उजवा गुडघा सुजला होता. सकाळी उठली की लंगडायची, दहा वाजेपर्यंत अंगणात पळायला लागायची. कुणी म्हणालं पडली असेल, कुणी म्हणालं हाडं वाढतायत. रिपोर्टवर 'आरए फॅक्टर: निगेटिव्ह' आलं आणि घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. पुण्यातल्या डॉक्टरांनी मात्र तो कागद बाजूला ठेवला, गुडघा हातांनी चाचपला, सकाळबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि सांगितलं, संधिवातच आहे. दुसऱ्या कागदावर 'एएनए: पॉझिटिव्ह' होतं. ते पाहून त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, गुडघ्याचं दुखणं डोळ्यात कसं गेलं रे?"

आधी मुलं, मग रक्त

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयात जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. १८९७ साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात सांधे सुजलेल्या २२ मुलांची हकिकत होती. त्याच्याआधी फ्रान्समध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं गेलं होतं, पण स्टिलने एक गोष्ट ठासून मांडली. मुलांचा हा आजार म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे. काही मुलांना ताप येत होता, गाठी सुजत होत्या, प्लीहा वाढत होती. मोठ्यांमध्ये असं चित्र सहसा दिसत नसे.

यातलं काहीही त्याला रक्ताच्या चाचणीने कळलेलं नव्हतं, कारण तशी चाचणीच नव्हती. त्याने मुलं पाहिली, त्यांचे सांधे हाताळले, महिनोन्महिने नोंदी ठेवल्या. हे लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

मेंढीच्या रक्तातला योगायोग

कोविडच्या काळात 'अँटीबॉडी' हा शब्द घराघरात पोचला. बाहेरून आलेल्या जंतूला ओळखून चिकटणारं प्रथिन. हे प्रथिन आपल्याच शरीराला चिकटू लागलं तर? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख याने म्हटलं होतं की शरीर अशा आत्मघातापासून स्वतःला जपतं. त्याच्या शब्दाचा दबदबा एवढा होता की पुढची कित्येक वर्षं या शक्यतेकडे फारसं कुणी वळलंच नाही.

नॉर्वेत एरिक वालर यांच्यासमोर ही शक्यता अपघाताने आली. ते मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून एक नेहमीची चाचणी करत होते. या पेशींवर सशाच्या अँटीबॉडीचा पातळ थर असायचा, इतका पातळ की पेशी एकमेकींना चिकटू नयेत. पण संधिवाताच्या एका रुग्णाचा रक्तद्रव घातला आणि पेशींच्या गुठळ्या झाल्या. वालर यांनी तो प्रकार झटकून टाकला नाही, आणखी रुग्णांचं रक्त तपासलं. १९४० साली त्यांचा लेख आला. त्याच वर्षी जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या, युद्धाच्या धामधुमीत लेख मागे पडला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ आणि चार्ल्स रॅगन यांच्या गटाला हीच गोष्ट पुन्हा सापडली. म्हणून चाचणीचं नाव पडलं वालर-रोझ.

गुठळ्या करणारा तो पदार्थ म्हणजेच रुमेटॉइड फॅक्टर, आपल्या रिपोर्टवरचा 'आरए फॅक्टर'. ही अँटीबॉडीविरुद्धची अँटीबॉडी आहे. १९५६ मध्ये सिंगर आणि प्लॉट्झ यांनी मेंढीच्या पेशींऐवजी लॅटेक्सचे बारीक कण वापरले आणि चाचणी सोपी, स्वस्त झाली. आज तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही ती होते.

मोठ्यांच्या मापाचा सदरा

गोम इथेच आहे. ही चाचणी मोठ्यांच्या रक्तातून जन्मली. आमवात झालेल्या बहुतेक प्रौढांमध्ये ती पॉझिटिव्ह येते. मुलांना लावून पाहिली तर बहुतेक वेळा निगेटिव्ह. संधिवात असलेल्या साधारण १०० मुलांपैकी ५ जणांमध्येच हा फॅक्टर सापडतो. त्या बहुतांशी दहा-बारा वर्षांपुढच्या मुली असतात आणि त्यांचा आजार मोठ्यांसारखाच, सांधे झिजवणारा असतो. त्यांच्यासाठी ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण औषध लवकर आणि जोरात सुरू करावं लागतं. बाकीच्या ९५ जणांसाठी 'निगेटिव्ह' या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुम्ही त्या पाचांतले नाही. संधिवात नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

उलटंही खरं आहे. क्षयासारख्या दीर्घ संसर्गात, क्वचित धडधाकट माणसातही हा फॅक्टर सापडतो. म्हणून मुलांच्या बाबतीत एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर भागत नाही. किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तो आला तरच धरायचा, असा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा नियम आहे.

याच वर्गीकरणाने १९९०च्या दशकात आजाराला आजचं नाव दिलं, जुवेनाइल इडियोपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे जेआयए. वय १६ पूर्ण होण्याआधी सुरुवात, निदान सहा आठवडे टिकलेली सांध्याची सूज, आणि दुसरं कारण सापडलेलं नाही. या व्याख्येत रक्ताच्या रिपोर्टचा उल्लेखच नाही. स्टिलप्रमाणेच आजही निदानाची सुरुवात हाताने आणि डोळ्यांनी होते. रक्त तपासायचं ते आजार कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखायला आणि बाकीच्या शक्यता वगळायला. आपल्याकडे एकच गुडघा सुजला असेल तर क्षय नाही ना, हेही पाहावं लागतं.

गुडघ्यातून डोळ्यात

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. १९४८ मध्येच अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज यांना ल्युपस या आजाराच्या रुग्णांमध्ये एक विचित्र पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं होतं. पुढे कळलं की या रुग्णांच्या रक्तात केंद्रकालाच चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात. १९५७ च्या सुमारास त्या चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागल्या. तीच ही एएनए चाचणी.

इंग्लंडमध्ये टॅप्लो इथल्या रुग्णालयात डॉ. बार्बरा अँसेल संधिवाताच्या मुलांवर वर्षानुवर्षं काम करत होत्या. अमेरिकेच्या डॉ. जेन शॅलर, अँसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख १९७४ मध्ये आला. संधिवात असलेल्या ज्या मुलांच्या डोळ्यांच्या आत सूज येते, त्यांच्यात एएनए ठळकपणे जास्त सापडतं, हे त्यात दाखवलं होतं. म्हणजे हा रिपोर्ट सांध्याबद्दल फार काही बोलत नाही, तो डोळ्याबद्दल सावध करतो. लहान वयात आजार सुरू झालेली, मोजकेच सांधे सुजलेली, एएनए पॉझिटिव्ह मुलगी असेल, तर धोका सगळ्यात जास्त.

आणि ही सूज मुकी असते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पोर तक्रार करत नाही. कळतं तेव्हा मोतीबिंदू झालेला असतो किंवा नजर गेलेली असते. म्हणून अशा मुलांचे डोळे स्लिट लॅम्प या यंत्राखाली दर तीन महिन्यांनी तपासायचे, काही त्रास नसला तरी. कामशेतला जीप, तिथून लोकल, मग दवाखान्याची रांग, असा एक दिवसाचा रोज बुडतो. 'डोळ्याला तर काहीच नाही' म्हणून फेरी चुकवावीशी वाटते. ती चुकवायची नाही, हे या ५० वर्षांपूर्वीच्या लेखाने आम्हाला शिकवलं.

फक्त एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणूनही घाबरायचं नाही. निरोगी मुलांमध्येही ते येतं. सांधा सुजलेलाच नसेल, तर त्या एका शब्दाने संधिवात होत नाही.

आपली मुलं वेगळी

लंडन-न्यूयॉर्कची ही मापं आपल्याला जशीच्या तशी बसतात का? नाही. छोट्या मुलींचा एएनए पॉझिटिव्ह प्रकार पाश्चात्त्य देशांत जितका दिसतो तितका भारतात दिसत नाही. आपल्या मोठ्या रुग्णालयांत दुसराच प्रकार जास्त भेटतो. सहा वर्षांपुढची मुलं, त्यातही मुलगे, टाच दुखते, गुडघा किंवा खुबा धरतो. स्नायूबंध हाडाला जिथे जोडला जातो तिथे सूज असते. यांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आणि एएनएही बहुधा निगेटिव्ह. शाळेत चालत जाणारा पोरगा टाच धरून बसला, तर मास्तर म्हणतात नाटकं करतोय, आणि रिपोर्ट मास्तरांच्याच बाजूने बोलतो.

आपल्याच जिल्ह्यात संधिवाताची एक मोठी मोजणी झालेली आहे. पुणे जिल्ह्याच्या एका टोकाला आमचं पवना धरण, दुसऱ्या टोकाला उजनीचं पाणी आणि त्याकाठी भिगवण, जिथे आपण फ्लेमिंगो बघायला जातो. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी तिथे घरोघरी जाऊन ४०९२ माणसांना सांधेदुखीबद्दल विचारलं. सुमारे १८ टक्के लोकांना काही ना काही दुखणं होतं, आमवात साधारण अर्धा टक्का. ग्रामीण भारताच्या सांधेदुखीचं इतकं नेमकं चित्र तोवर दुर्मीळ होतं. पण ती ४०९२ माणसं प्रौढ होती. गावातलं किती मुलं सकाळी लंगडतात, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

आठवड्यातून एकदा

औषधाची गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या गटाने १९४०च्या दशकात रक्ताच्या कर्करोगासाठी काही औषधं तयार केली. त्यांतलंच एक मेथोट्रेक्झेट. १९९२ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. कर्करोगाच्या मानाने अगदी थोडा डोस, आठवड्यातून फक्त एकदा दिला, तर मुलांच्या संधिवाताला उतार पडतो. आता ते या आजाराचं एक मुख्य औषध आहे. ते रोजचं औषध नाही. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेवतात.

मुलगी सकाळी लंगडते आणि दुपारी पळते, हे आईला कळलेलं असतं. टाच महिनाभर दुखतेय, हे पोराला माहीत असतं. ही माहिती लॅबच्या कागदाआधीची आहे आणि कागदाहून जुन्या परंपरेची आहे. तेव्हा सूज सहा आठवडे टिकली असेल आणि रिपोर्टवर सगळीकडे 'निगेटिव्ह' असेल, तर पेढे आणायच्या आधी एक प्रश्न विचारा: सांधा कुणी हाताने तपासला का?