यवतमाळातला ‘महाल’

माझ्या भाच्यानं गेल्या हिवाळ्यात मला एक व्हिडिओ पाठवला. फ्रान्समधली शांत खेडी, द्राक्षांचे मळे, टेकडीवरचं एखादं दगडी चर्च आणि या सगळ्यांमधून जाणाऱ्या बारीक खडीच्या रस्त्यावर जाड टायरच्या सायकली चालवणारी माणसं. खाली लिहिलं होतं, ‘मामू, याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात.’ मी उत्तर दिलं, ‘बेटा, आमच्याकडं याला मुरमाचा रस्ता म्हणतात, आणि यवतमाळ जिल्ह्यात तो फुकट मिळतो.’ त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘पण तिथं वाटेत हिस्टॉरिकल साइट्स असतात ना.’

हे मला लागलं. इतिहास शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, कापूस आणि कास्तकारांच्या आत्महत्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण जिल्हा तेवढाच नाही. म्हणून डिसेंबरच्या तीन रविवारी मी माझी जुनीच सायकल काढली, तिला जाड टायर चढवले आणि डांबरी रस्ता शक्य तितका टाळत निघालो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं पांदण नावाची एक चीज असते. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी गाडवाट. बैलगाड्यांच्या चाकांनी पिढ्यान् पिढ्या खचत गेलेली, कुठं मुरूम टाकलेला, कुठं नुसती काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलही फसतो, पण डिसेंबरात ती सायकलसाठीच केल्यासारखी असते. दोन्हीकडं फुटलेली बोंडं, मधे तुरीची तासं, वेचणीला निघालेल्या बाया. फक्त बाभळीच्या काट्यापासून सांभाळायचं.

पहिल्या रविवारी कळंबला गेलो. सरळ रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटर, पांदणींनी बरंच जास्त. कळंब चिंतामणीसाठी प्रसिद्ध आहे. हे गणपतीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली पाण्याचं कुंड आहे आणि दर बारा वर्षांनी तिथं गंगा वर येते अशी लोकांची श्रद्धा आहे. मी बाहेरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. टपरीवाला पोरगा बावीस-तेवीसचा, बोलायला गोड. सायकलची चौकशी केली, मग नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाला, “अच्छा. कोठचे तुम्ही?”

“यवतमाळचा.”

“नाही, तसं नाही. मूळ कोठचे?”

त्याच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितो. हा प्रश्न मला आयुष्यात शेकडो वेळा विचारला गेलाय आणि विचारणारे बहुतेक वेळा भले लोकच असतात. पण माझ्याबरोबर शिकवणाऱ्या देशपांडे सरांना तो कोणी विचारत नाही. मी हसलो, पैसे दिले आणि सायकलवर बसलो. परतीच्या सगळ्या वाटेत मात्र तो ‘मूळ’ शब्द टायरमध्ये अडकलेल्या खड्यासारखा वाजत राहिला.

कारण ज्या गावात तो प्रश्न मला विचारला गेला, त्या गावाचं नाव अकबराच्या दप्तरात आहे. १५९६ मध्ये चांदबिबीनं तहात वऱ्हाड मुघलांना दिलं आणि लगेच अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद झाली. त्या सुभ्यातलं एक ‘सरकार’ कळंबचं होतं. ‘सरकार’ म्हणजे तेव्हा साधारण आजचा जिल्हा. आज आपण हाच शब्द दिल्ली-मुंबईसाठी वापरतो आणि त्याच्या नावानं बोटं मोडतो. आईन सांगते की कळंब हे जुनं, महत्त्वाचं शहर आहे आणि इथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत. जवळच बाबजी नावाचा गोंड जमीनदार आहे, त्याच्या हाताखाली हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे. म्हणजे हा चांद्याचा राजा. आग्र्याच्या दरबारातला माणूस आमच्या म्हशींची दखल घेतो, ही गोष्ट मला कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त आवडते.

त्याच प्रकरणात आणखी एक नोंद आहे. अबुल फजल लिहितो की उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला या मुलखात देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी. वऱ्हाड जिंकलेल्यांनी इथली नावं खोडली नाहीत, ती आपल्या वहीत लिहून घेतली. कारण भूतदया नव्हतं, हे कबूल. सारा वसूल करायचा तर गावची व्यवस्था मोडून चालत नाही. पण त्या व्यवहारातून जी भाषा तयार झाली, ती आजही तलाठ्याच्या टेबलावर आहे. मौजा, तहसील, जिल्हा, कसबा, परगणा. आणि आमचा कास्तकार, तोही फारसीच. या जिल्ह्यातला शेतकरी स्वतःला ज्या नावानं ओळखतो तो शब्द बाहेरून आला, पण त्याला ‘मूळ कोठचा’ असं कोणी विचारत नाही.

यवतमाळचंही तेच. इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरांनी या नावाची फोड दिली आहे: यवत किंवा यवता हे मूळ गाव, आणि ‘महाल’ म्हणजे परगण्याचं ठाणं. यवत-महालचं बोलता बोलता यवतमाळ झालं. आमच्यातले बरेच जण ‘माळ’ म्हणजे डोंगरमाळ समजतात, आणि शहर पाहता तेही पटण्यासारखंच. पण गॅझेटिअरचं म्हणणं धरलं तर माझ्या गावाचं अर्धं नाव मराठी आणि अर्धं अरबी आहे. माझ्या आधार कार्डावरही पत्ता आणि नाव मिळून तसंच काहीसं आहे.

आईनमध्ये हा परगणा लोहाऱ्याच्या जोडीनं येतो, यवत-लोहारा असा. म्हणून दुसऱ्या रविवारी लोहारा गाठला. आता शहर तिथपर्यंत पसरलंय, कारखान्यांचे शेड दिसतात. पण कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ जागेवर आहे. चुना न वापरता एकावर एक बसवलेले काळे दगड. सकाळी आठला तिथं एक म्हातारी झाडत होती, तिनं मला पाणी दिलं. यादवकाळातल्या या शैलीची देवळं जिल्ह्यात विखुरलेली आहेत. फ्रान्सच्या खेड्यातल्या माणसाला त्याच्या बाराव्या शतकातल्या चर्चचा अभिमान असतो. आमच्याकडं तितकीच जुनी वास्तू असते आणि तिच्या भिंतीला तुराट्या टेकवलेल्या असतात.

लोहाऱ्यापासून दारव्ह्याकडं जाताना शकुंतलेची सोबत मिळते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीनं ती घातली, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईला नेण्यासाठी. पुढं तो बोटीनं मँचेस्टरला जायचा. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झालं होतं. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते राबलं, मग डिझेल आलं, आणि काही वर्षांपूर्वी गाडीच थांबली. आता रुळांत गवत आणि बोरी आहेत. फ्रान्समध्ये अशा बंद पडलेल्या लाइनी उखडून त्यावर सायकलींसाठी वाटा केल्यात, लोक लांबून त्यावर फिरायला येतात. आमचा रूळ मात्र अजून गाडीची वाट पाहतोय, आणि माझंही मन तिथं सायकलवाट व्हावी असं म्हणायला धजत नाही. लहानपणी अब्बांबरोबर त्या गाडीनं गेलोय. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता यायचं, असं लोक म्हणायचे. मी करून पाहिलं नाही. (यवतमाळला मोठी लाइन येतेय. वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ मध्ये पोचली.)

फ्रान्सचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामानं कर्जापोटी इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं. मुलूख गेला, पण मान राहावा म्हणून १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. त्याची बायको दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. खलिफा तेव्हा परागंदा होऊन फ्रान्समधल्या नीस शहरात राहत होते आणि हे लग्न १९३१ साली तिथंच लागलं. एका घरातून राज्य गेलेलं, दुसऱ्या घरातून वऱ्हाड गेलेलं, आणि लग्न फ्रान्सच्या समुद्रकिनारी. इकडं लाडखेडच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला आपली कोणी राजकन्या नीसमध्ये आहे याचा पत्ता तरी होता का? बादशाह-निजामांचा इतिहास हाच आपला इतिहास, असं मानण्याची सवय आम्हा मुसलमानांनाही आहे. ती सोडलेली बरी. त्यांचा महाल वेगळा आणि यवतमाळातला महाल वेगळा.

माझा इतिहास त्याच पांदणीत आहे. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पिंजारी होते. दिवाळीच्या सुमारास खांद्यावर पिंजण घेऊन निघायचे, दारव्हा, दिग्रस, आर्णी असं गावोगाव फिरायचे. एखाद्या वाड्याच्या पडवीत पिंजण टांगायचं, तिची तात लाकडी ठोक्यानं वाजवायची आणि जुन्या गाद्यांतला गठ्ठा झालेला कापूस पुन्हा फुलवायचा. तो टुंग-टुंग आवाज आला की पोरं जमायची. मजुरी बहुतेक ज्वारीत. रात्री त्याच पडवीत झोपायचं. संक्रांतीपर्यंत घरी परत यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा, असं दादी सांगायची. या भागात थंडीत जी माणसं उबेत झोपली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या रजया माझ्या दादांच्या हातच्या होत्या. ते कुठल्या बखरीत किंवा गॅझेटिअरमध्ये नाहीत. कापसाचा जिल्हा म्हटलं की लोकांना पेरणारा आठवतो, गाठी बांधणारा व्यापारी आठवतो. पिंजणारा कोणाला आठवत नाही.

आर्णीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि मागचं चाक बसलं होतं. बाभळीनंच दगा दिला. पंक्चर काढायला देऊन अरुणावतीकडं चालत गेलो, बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यात. कंबलपोश म्हणजे घोंगडी पांघरणारा. उरुसाला इथं मोठी यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोन्ही येतात, पण त्या दिवशी दुपारची सामसूम होती. एक जोडपं नवस फेडायला आलं होतं, कपाळाला कुंकू, हातात चादर. दादा दर वर्षी फिरतीच्या शेवटी इथं थांबायचे. मी फातिहा पढली आणि सावलीत बसून राहिलो.

आर्णीच्या पुढं रस्ता पैनगंगा ओलांडून माहूरला जातो. चौदाशे ऐंशीच्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवाननं वऱ्हाडाचे दोन भाग केले. उत्तरेला गाविलगड इमाद-उल-मुल्ककडं, दक्षिणेला माहूर खुदावंद खान या हबशी सरदाराकडं. इमाद-उल-मुल्क विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण घरात जन्मलेला, लढाईत पकडून आणलेला. खुदावंद खानाचं मूळ थेट आफ्रिकेत. वऱ्हाडच्या या दोन कारभाऱ्यांना त्या टपरीवर बसवून मूळ गाव विचारलं असतं तर चहा गार झाला असता.

तिसऱ्या रविवारी माहूरला जायचं ठरवलं होतं, पण सायकल कळंबकडंच वळली. पोरगा ओळखून हसला. मी त्याला सांगितलं, मागच्या वेळी तू विचारलं होतंस, माझे दादा याच गावांत गाद्या भरायचे, त्यांच्या आधीचंही कोणी बाहेरचं मला सापडलं नाही. मग फोनवर आईनमधलं कळंबचं पान दाखवलं आणि मराठीत अर्थ सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं. चाळीस हजार पायदळावर त्याचा विश्वास बसला नाही.

“एवढे लोक खाणार काय होते जी?” तो म्हणाला. “पण म्हशीचं बरोबर लिवलं त्यानं. आमच्या घरी दोन हायेत. थांबा, पाव्हणं, आज बिनापाण्याचा चहा ठेवतो.”