कोकण किनाऱ्यावरील भाजीपाल्याचा ऋतुक्रम : शब्दांची साक्ष

कोकण व गोवा यांच्या कृषीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम भात, नारळ आणि सुपारी यांवर जाते. साऱ्याच्या हिशेबात याच पिकांना महत्त्व असल्याने दप्तरांतही त्यांचाच उल्लेख विशेष येतो. भात कापून झाल्यावर त्याच तुकड्यात होणाऱ्या वाल, पावटा, कांदा, वांगी यांविषयी कागद बहुधा मौन पाळतो. अशा ठिकाणी इतिहासकाराला शब्दांची साक्ष काढावी लागते. मात्र पिकाच्या नावाची साक्ष आणि हंगामाच्या नावाची साक्ष सारख्याच मोलाची नसते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम पिकांची नावे पाहू. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर अमेरिकेतील अनेक वनस्पती या किनाऱ्यावर रुजल्या. त्यांतील काहींनी आपली नावे बरोबर आणली, तर काहींना येथील जुनी नावे मिळाली. मिरची हे नाव ‘मरिच’ या मिऱ्याच्या संस्कृत नावावरून आले. कोंकणीतील ‘मिरसांग’ या शब्दातही मिरी व सांग, म्हणजे शेंग, यांचा जोड आहे. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतला; तेथे तो रताळ्याचा वाचक होता. पोर्तुगीजांमार्फत तो मराठीत स्थिरावला तो मात्र निराळ्याच कंदासाठी. उलट, अमेरिकेहून आलेल्या रताळ्याने ‘रक्तालु’ या येथल्या तांबड्या कंदाचे नाव घेतले. तेव्हा जुन्या ग्रंथात असे एखादे नाव आढळले म्हणून आजचे पीक त्या काळी होतेच, असे अनुमान काढता येत नाही. नाव जुने आणि पीक नवे, किंवा पीक एक आणि नाव दुसऱ्याचे, असे दोन्ही प्रकार संभवतात.

हंगाम व जमीन यांच्या नावांची गोष्ट वेगळी आहे. गोव्यात पावसाळी पिकाला ‘सरद’ म्हणतात. ‘शरद्’ या ऋतुनामाचे हे रूप असून पीक ज्या ऋतूत हाती येते त्यावरून ते पडले आहे. त्यानंतरचे पीक ते ‘वायंगण’. जमिनीचेही तीन भाग मानले जातात : उंचावरची ‘मोरड’, मधली रेताड ‘खेर’ आणि खाडीलगतची बांध घालून राखलेली ‘खाजण’. खाजणाचे रक्षण ‘मानस’ करते. भरतीला त्याची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. खाजणात बहुधा पावसाळी भाताचे एकच पीक निघते. खेर जमिनीत मात्र सरदाच्या भातानंतर वायंगणात कडधान्ये व भाजीपाला घेता येतो. समुद्रामार्गे आलेली मिरची व रताळी याच चौकटीत सामावली गेली. पिके पालटली, पण ऋतुक्रमाची देशी परिभाषा पालटली नाही.

हाच क्रम उत्तरेकडे अलिबाग परिसरातही दिसतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर तेथे वाल पेरतात. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. म्हणजे भाताने ओढून घेतलेला कस वाल काही अंशी परत करतो. शेतकऱ्याने हे रसायन सांगितले नसेल, परंतु त्याच्या क्रमात ते गृहीत आहे. कार्ले, खंडाळे या भागांत भातानंतर पांढरा कांदा लावतात व काढणीनंतर त्याच्या माळा विणतात. २०२१ मध्ये या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने पिकाचे नाव सुरक्षित झाले. पण ते पीक ज्या भातानंतर येते त्या क्रमाचे रक्षण केवळ नावाने होत नाही.

आज कोकणात भाताची कापणी झाल्यावर पुष्कळ तुकडे पडीक राहतात. वायंगण थांबले की तो शब्दही बोलण्यातून हळूहळू नाहीसा होतो आणि त्याबरोबर इतिहासाचे एक साधन हरपते. म्हणून शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘या भाजीला काय म्हणतात?’ एवढेच विचारून थांबू नये. ती कशानंतर लावतात, कोणत्या जमिनीत लावतात व तिच्यानंतर काय लावतात, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीसोबत विचारले पाहिजेत. त्या उत्तरांवाचून नुसत्या नावांच्या यादीतून भाजीमळ्याचा इतिहास उभा राहणार नाही.