नववीपासून 'मोफत' शाळेचा खर्च का वाढतो? अनुदान कुठे जातं आणि पालकांनी काय विचारावं

आठवीपर्यंत पोरगं शाळेत गेलं की पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते, जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर गणवेशही मिळतो. नववीचा वर्ग लागला की हे सगळं एकदम थांबतं. शाळा तीच, सर तेच, 'शिक्षण मोफत' हे वाक्यही तेच. तरी जूनमध्ये घरातून जे पैसे निघायला लागतात ते दहावीच्या परीक्षेपर्यंत थांबत नाहीत. असं का होतं, हे बऱ्याच पालकांना शाळेत कुणी नीट सांगत नाही.

मूळ कारण कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंतच आहे. मोफत पाठ्यपुस्तकं आणि शालेय पोषण आहारसुद्धा आठवीपर्यंतच. नववी-दहावीची फी राज्य सरकारने स्वतःच्या धोरणाने माफ केलेली आहे आणि मुलींना ही सवलत बारावीपर्यंत आहे. पण त्या माफीचा अर्थ शिकवण्याची फी माफ, एवढाच. पुस्तकं, वह्या, गणवेश, प्रवास आणि बोर्डाची परीक्षा फी त्यात येत नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात ३ ते १८ वयापर्यंत सगळ्यांना शिक्षण मिळावं असं म्हटलंय, पण धोरण वेगळं आणि कायदा वेगळा. कोर्टात दाद मागायची तर कायदाच लागतो.

सरकारचा पैसा नेमका कशावर जातो?

ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शाळा बहुतेक जिल्हा परिषदेच्या, पण हायस्कूल बहुतेक ठिकाणी संस्थेचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि तशाच वाटेने जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था उभ्या राहिल्या. गावाने जागा दिली, लोकांनी वर्गणी काढली, संस्थेने शाळा चालवली आणि सरकारने पगाराचा भार उचलला. हीच अनुदानित शाळा.

शंभर टक्के अनुदानित शाळेत मंजूर पदांवरच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देतं. तो शालार्थ प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यात जमा होतो, संस्थेच्या हातात येत नाही. शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा मोठा भाग या पगारातच जातो. लाइट बिल, खडू, प्रयोगशाळेतलं सामान, बाकांची दुरुस्ती, पत्रे, संडासाची सफाई यासाठी वेगळं 'वेतनेतर अनुदान' असतं. ते पगाराच्या मानाने अगदी थोडं, आणि वेळेवर येईल याची खात्री नाही.

शिपायाचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतली शिपायांची रिकामी होणारी पदं आता भरली जात नाहीत. त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' मिळतो. ग्रामीण भागासाठी तो महिन्याला ५,००० रुपये ठरला. एवढ्या पैशात महिनाभर शाळा उघडणारा, झाडणारा, पाणी भरणारा माणूस कुठे मिळायचा? मग मुख्याध्यापक पालकसभेत विषय काढतात, 'ऐच्छिक' म्हणून शंभर-दोनशे रुपये गोळा होतात आणि शेवटी ते प्रत्येक घराला लागू होतात. हेडमास्तर खोटं बोलतात असं नाही. खड्डा खराच आहे, तो भरला मात्र पालकांच्या खिशातून जातो.

पटसंख्या हा दुसरा खड्डा. संच मान्यतेत मुलांच्या संख्येवर शिक्षकांची पदं ठरतात. गावातली पोरं शहराकडे गेली की पट घसरतो, पद कमी होतं आणि नेमका गणित किंवा इंग्रजीचा शिक्षक नसतो. मग एक तर संस्था मानधनावर कुणाला तरी नेमते, नाहीतर पालक तालुक्याला ट्यूशन लावतात. दोन्हीकडे पैसे घरचेच.

शाळा अनुदानित आहे, पण तुमच्या मुलाची तुकडी आहे का?

हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारायला हवा. एकाच हायस्कूलमध्ये 'अ' आणि 'ब' तुकडी अनुदानित आणि 'क' विनाअनुदानित असू शकते. सेमी इंग्रजीची तुकडी कित्येकदा अशीच असते. फाटक एक, मैदान एक, पण 'क' मधल्या शिक्षकाचा पगार सरकार देत नाही, म्हणून तिथल्या मुलांना फी पडते. पालकांना हे कळतं ते पहिली पावती हातात आल्यावर.

काही शाळा तर पूर्णच अधांतरी आहेत. 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी मिळालेल्या शाळांचा 'कायम' हा शब्द सरकारने २००९ साली काढला. त्यानंतर त्यांना २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झालं. हे टप्पे इतके रखडले की शिक्षकांना मुंबईत आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावं लागलं. अशा शाळेत शिकवणाऱ्याला अर्धाच पगार मिळत असेल, तर उरलेला भार फीतून येणार हे उघड आहे. आणि २०१२ च्या कायद्याखाली सुरू झालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना तर सरकारी अनुदान नसतंच. बोर्डावर ते नाव दिसलं की फी भरायची आहे असं धरून चालावं.

आणखी एक फसगत आरटीईच्या २५ टक्के प्रवेशात होते. लॉटरीत नंबर लागून पोरगी इंग्रजी शाळेत फुकट शिकते, घरच्यांना वाटतं दहावीपर्यंत सोय झाली. पण ती सोय आठवीला संपते. नववीला शाळा पूर्ण फी मागू शकते. त्या वेळी माध्यम बदलून गावच्या मराठी हायस्कूलमध्ये घालायचं म्हणजे ऐन दहावीच्या तोंडावर मुलीचे हाल. याचा विचार सातवीतच करून ठेवलेला बरा.

खिशातून जाणारे पैसे

बालभारतीची पुस्तकं तशी स्वस्त असतात. महाग पडतात ती गाईडं, वर्कबुकं, प्रयोगवह्या आणि शाळेने सांगितलेल्या ठराविक दुकानातलाच गणवेश. पीटीचा ड्रेस वेगळा, ओळखपत्र वेगळं, सराव परीक्षांचे पेपर वेगळे, गॅदरिंग आणि सहल वेगळी. दहावीला बोर्डाची परीक्षा फी असते. अभ्यासाचं साहित्य व्हॉट्सअॅपवर येऊ लागल्यापासून मोबाइलचा रिचार्जही शाळेच्या खर्चात धरावा लागतो.

पण खेड्यातल्या घराला सगळ्यात जड जातो तो रस्ता. प्राथमिक शाळा गावात, हायस्कूल चार-सहा किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात सुमारे दोनतृतीयांश सवलत आहे. कागदावर हे उत्तम. पण गाडी शाळेच्या वेळेला आली तर पासाचा उपयोग. ती दहाच्या ऐवजी साडेअकराला आली, किंवा फेरीच बंद झाली, तर पोरं वडापने, कुठे काळीपिवळीने जातात आणि तिथे पास चालत नाही. २०२१-२२ च्या एसटी संपात कित्येक महिने हेच झालं. मुलींच्या बाबतीत तर संध्याकाळची शेवटची गाडी चुकायला लागली की घरातून 'आता पुरे शाळा' हे ऐकू येतं.

मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बसगाड्या आहेत. त्याच तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी ५,००० रुपये मिळतात. आधी ३,५०० खात्यात येतात आणि सायकल घेतल्याची पावती दिल्यावर उरलेले १,५००. पावती न दिल्याने दुसरा हप्ता अडकू शकतो, ती जपून ठेवा.

एक खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही, तो म्हणजे बुडालेला रोज. कापूस वेचणीला, कांदा काढणीला चौदा-पंधरा वर्षांचं पोर घरच्यांच्या दृष्टीने अर्धा मजूर असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर दिवाळीनंतर आई-बाप कारखान्यावर, मग नववीतली मुलगी आजीपाशी ठेवायची की सोबत न्यायची हा दरवर्षीचा प्रश्न. फी माफ करून हा हिशेब सुटत नाही. वसतिगृह जवळ असेल तर बराचसा सुटतो, म्हणून समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी उन्हाळ्यातच करावी.

परत मिळू शकणारे पैसे

सगळ्यात मोठा आधार एनएमएमएस परीक्षेचा. आठवीत असताना ती द्यायची असते आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिका किंवा अनुदानित शाळेतलं मूल बसू शकतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मराठा आणि कुणबी समाजातली जी मुलं ही परीक्षा पास होतात पण गुणवत्ता यादीत येत नाहीत, त्यांना सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. एवढी रक्कम असूनही कित्येक शाळांत आठवीतली दोन-चारच मुलं परीक्षेला बसवली जातात. ही कंजूषी कशासाठी, ते पालकांनी मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही.

अनुसूचित जातीच्या नववी-दहावीतल्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मागासवर्गीय मुलींना मिळते. आठवी ते दहावीला महिना १०० रुपये, दहा महिने. रक्कम फारच जुनी वाटते, पण हक्काची आहे. या पैशांत खोडा पडतो तो बँकेत. आधारवरचं नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि पासबुकावरचं नाव यात एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते येतच नाहीत. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत दहावी-बारावीची परीक्षा फी परत मिळते, तिथेही खाते क्रमांक शाळेत दिलेला नसेल तर हक्काचे पैसे तसेच राहतात.

शाळेने पैसे मागितले तर

पहिली गोष्ट पावती. कशाचे पैसे, किती आणि कुणाच्या ठरावाने, हे लिहून मागावं. १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यावर बंदी आहे. मनापासून कुणी देणगी दिली तर ती घेता येते, पण तिच्या बदल्यात प्रवेश देता येत नाही. विनाअनुदानित शाळेची फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, तो २०११ चा शुल्क विनियमन कायदा. त्या समितीत कोण पालक आहेत, हे निम्म्या गावाला माहीत नसतं.

फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. आठवीपर्यंत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला देण्यात उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. काम झालं नाही तर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जावं. अनुदानित शाळेला माहिती अधिकार लागू आहे. १० रुपयांच्या अर्जावर वेतनेतर अनुदान किती आलं, ते कशावर खर्च झालं आणि पालकांकडून किती जमा झालं हे विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते १० रुपयेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील करता येतं आणि त्याला २० रुपये फी लागते.

ज्यांची शाळा सुटूनच गेली आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. हे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात, मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते आणि फी नियमित विद्यार्थ्यापेक्षा जास्त पडते. त्यामुळे जुना दाखला, आधार आणि फोटो घेऊन शाळा सुरू झाल्यावर लगेच जवळच्या हायस्कूलमध्ये विचारून यावं.