वहाण : एका शब्दाचे कूळ

आपल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे खूर न्याहाळल्यावाचून सौदा ठरत नाही. माणसाच्या पायांची एवढी विचारपूस कोणी करीत नाही. उलट त्या पायांना राखणाऱ्या वस्तूचे नाव आपण शिवीगाळीच्या कामी लावले आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मजुरीच्या वाटाघाटीत आम्ही वरचेवर ऐकली आहे. तेव्हा या वहाणेचे कूळ एकदा तपासलेले बरे.

संस्कृतात 'उपानह्' असा शब्द आहे. 'नह्' म्हणजे बांधणे; पायाशी बांधली ती उपानह्. पालीत तिची 'उपाहना' झाली, प्राकृतात 'वाहणा' आणि मराठीत 'वहाण'. हिंदीतली 'पनही' तिचीच बहीण. 'पायताण' आले 'पादत्राणा'वरून. त्राण म्हणजे रक्षण. सपाता पोर्तुगीजांकडून आल्या, बूट इंग्रजांकडून. चपलेचे नाते कानडी 'चप्पली' व तेलुगू 'चेप्पु' यांच्याशी दिसते. यांपैकी कोणत्या शब्दाच्या पोटात हीनपणा आहे? कातडे कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला ज्या समाजाने दूर बसविले, त्यानेच तो मागाहून चिकटविला.

या शब्दाची जुनी कथा तर वेगळेच सांगते. विनयपिटकाच्या महावग्गात सोण नावाचा भिक्षू आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरात तो लाडाने वाढलेला. अनवाणी येरझारा घालताना त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला एकेरी तळाची उपाहना वापरण्याची मोकळीक दिली. सोण म्हणाला, सगळ्या संघाला देत असाल तर घेईन, एकट्याला नको. मग ती संघाला मिळाली. युनियनच्या सभांतून आम्ही याहून वेगळे काय सांगतो?

मार्च २०१८ मध्ये शेतकरी व आदिवासी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईस गेले. कित्येकांच्या तळव्यांची सालडी निघाली होती. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, अन्न दिले आणि चपलाही दिल्या. त्या दिवशी वहाणेला तिचा मूळ अर्थ परत मिळाला.

ती म्हण पुन्हा कानी आली, तर आपण एवढेच म्हणावे : वहाण पायातच बरी, पण ती प्रत्येक पायात हवी, आणि ती शिवणाऱ्या हाताला पुरी मजुरी नि बरोबरीची बैठक हवी.