५० पौंडांचा कॅमेरा आणि गहाण पडलेला विमा

१/ फेब्रुवारी १९१२. मुंबईहून एक गृहस्थ बोटीने लंडनला निघाले. वय ४१. भागीदारीतला छापखाना सुटलेला, डोळ्यांचे दुखणे नुकतेच सरलेले, घरी बायकामुले. जवळचे पैसे आयुष्याचा विमा गहाण टाकून उभे केलेले. आणि हा सारा खटाटोप कशासाठी? चित्रपट बनवण्याचे तंत्र डोळ्यांनी पाहण्यासाठी आणि एक चांगला कॅमेरा विकत घेण्यासाठी. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या त्या खरेदीची ही कथा.

२/ फाळक्यांच्या हाती आलेला हा पहिला कॅमेरा नव्हे. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे धडे गिरवले होते. गोध्र्याला स्टुडिओ थाटून पाहिला, पण तो सोडावा लागला. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, ती सोडून ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात शिरले. भिंग, प्रकाश आणि रसायने या तिन्हींशी त्यांची जुनी ओळख होती. मात्र हलणारे चित्र अजून त्यांच्या कक्षेबाहेर होते.

३/ मुंबईत चलच्चित्रांचा कॅमेरा आणणारेही ते पहिले नव्हेत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली आणि ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी इंग्लंडहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डन परिसरातील कुस्ती त्यांनी चित्रित केली. पण कुस्ती समोर घडत होती, ती टिपायची होती. फाळक्यांना जे दाखवायचे होते ते पुराणातले होते. ते आधी घडवायचे आणि मग टिपायचे होते.

४/ या ध्यासाची सुरुवात १९११ च्या ईस्टरची. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना मनापुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या येत होती, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नमूद केले. त्यानंतर युरोपातील यंत्रांची माहितीपत्रके जमू लागली. एक लहानसा, जवळजवळ खेळण्यातला म्हणावा असा कॅमेरा आणि काही रिळे घरी आली. रात्री मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून सोडून ते भिंतीवर चित्रे पाहत.

५/ दिवसातले चार-पाच तास चित्रपट पाहण्यात आणि उरलेला वेळ प्रयोगांत जाऊ लागला. झोप पुरेशी होईना. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. ज्याची सारी कमाई नजरेवर अवलंबून, त्याने तीच पणाला लावली होती. घरच्यांना हे वेड वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

६/ मग त्या लहान यंत्रावरच का भागवले नाही? उत्तर यंत्राच्या पोटात आहे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपली जात. प्रत्येक चित्रासाठी फिल्म क्षणभर थांबायची, मग पुढे सरकायची, पुन्हा नेमक्या त्याच जागी थांबायची. त्या थांबण्यात केसभर फरक पडला तरी पडद्यावर तो कितीतरी पटींनी मोठा होई आणि राजवाडा थरथरताना दिसे. घरातल्या भिंतीवर हे खपून जाई. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकापुढे खपले नसते.

७/ आता पैशांचा हिशेब. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांच्या मदतीने फाळक्यांनी १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले. त्या काळी पौंडाचा सरकारी भाव १५ रुपये होता, म्हणजे ही रक्कम सुमारे ६६६ पौंडांची. बेत फसला असता तर कर्ज उरले असते, आणि कर्त्या माणसामागे कुटुंबाला आधार देणारा विमाही सावकाराकडे गेला असता.

८/ लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिली सर्कसजवळ ‘बायोस्कोप’ या चित्रपट-साप्ताहिकाची पाटी दिसली आणि फाळके थेट संपादकांना भेटले. संपादकांनी आधी परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. हिंदुस्थानचे हवामान या धंद्याला मानवणारे नाही, असे त्यांचे मत होते. पण या माणसाची तळमळ पाहून त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग त्यांना मोकळे केले.

९/ खरेदी झाली ती हे सारे पाहून, या दोघांच्या सल्ल्याने. निवड ठरली विल्यमसन कॅमेऱ्याची, किंमत ५० पौंड, म्हणजे ७५० रुपये. जेम्स विल्यमसन हे मूळचे हॉव्ह गावचे औषधविक्रेते, पुढे स्वतः चित्रपट बनवणारे. १९०१ च्या त्यांच्या एका चित्रपटात छायाचित्र काढल्याने चिडलेला माणूस जवळ जवळ येत कॅमेराच गिळून टाकतो! पुढे ते यंत्रे बनवण्याकडे वळले. चित्रपटकर्त्याच्या गरजा जाणणाऱ्या माणसाचे हे यंत्र होते.

१०/ जरा आकडे ताडून पाहावेत. १०,००० च्या कर्जातले ७५० रुपये कॅमेऱ्याचे, म्हणजे साडेसात टक्के. उरलेल्या रकमेवर प्रवास होता, लंडनचा मुक्काम होता, कोडॅकची कच्ची फिल्म होती आणि पर्फोरेटर, म्हणजे फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्रही होते. हातात पैसा असताना दुकानातले सर्वांत भपकेबाज यंत्र उचलण्याचा मोह त्यांनी आवरला. जे कामाला पुरेल ते घेतले आणि बाकी रक्कम कामासाठी राखली.

११/ १ एप्रिल १९१२ ला फाळके परतले. बिऱ्हाड गिरगावच्या बाजूहून दादरच्या ‘मथुरा भवन’ बंगल्यात हलले. आवारात काचेची खोली आणि अंधारखोली उभी राहिली. मे महिन्यात कॅमेरा मुंबईत पोहोचला. सोबत आलेल्या आराखड्यावरून चार दिवसांत त्यांनी तो जोडला. पहिली चाचणी कोणाची? आसपास खेळणाऱ्या मुलामुलींची. फिल्म धुतली, पडद्यावर टाकली. मुले स्वच्छ दिसत होती, हलत होती. वर्षभराच्या जागरणांचे हे पहिले फळ होते.

१२/ सावकारांची खात्री पटवली ती मात्र वाटाण्याने. कुंडीत वाटाणे पेरून फाळक्यांनी त्यांच्या वाढीची चित्रे टिपली, महिन्याहून अधिक काळ. मिनिटभराच्या फितीत बी रुजले, कोंब फुटला, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फीत निवडक मंडळींना दाखवली गेली. कर्ज मागणाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्या वेलावर लोकांचा अधिक विश्वास बसला.

१३/ आता पर्फोरेटरकडे वळू. मागवलेली फिल्म कडांना कोरी असे. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा. तेवढ्याच लांबीची छिद्रे ४,७३,६०० होतात, वाया गेलेली फिल्म वेगळीच. यंत्र हाताने चालवायचे, तेही अंधारात. हे काम प्रामुख्याने सरस्वतीबाई फाळके यांनी केले. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. चित्रपटासाठी त्यांचे दागिने गेले आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच चुलीवर शिजला. कॅमेऱ्याच्या पावतीवर ५० पौंड होते. त्यांच्या वाट्याची किंमत त्यात धरलेली नव्हती.

१४/ कॅमेऱ्याचा दांडा सोपवला गेला त्र्यंबक तेलंग यांच्याकडे. त्र्यंबकेश्वरच्या या मित्राला फाळक्यांनी स्वतः तयार केले. सेकंदाला साधारण दोन फेरे, हात जलद नको, मंद नको. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला.

१५/ १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले. या वेळी विमा गहाण टाकून कॅमेरा शोधायला नव्हे. सोबत ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ असे तीन चित्रपट होते. इथल्या हवामानात हा धंदा चालायचा नाही, असा इशारा याच शहरात मिळाला होता. त्याच शहरात या चित्रपटांचे खेळ झाले आणि त्यांतल्या तांत्रिक सफाईचे कौतुक झाले.